मनाचा डॉक्टर शोधताना

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत डॉक्टर ओळखीने शोधला जातो. दांडिया बाजारातल्या काकांनी नाव सुचवले, मेहुण्यांना गुण आला, की आपण निघालो. दातांच्या किंवा डोळ्यांच्या बाबतीत हे बहुधा निभावते. मनाच्या बाबतीत मात्र ओळखीआधी नोंदणी पाहावी, असे माझे आपल्याला सांगणे आहे.

आधी तीन मंडळी वेगळी ओळखा. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषधे तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांनी मानसशास्त्रात एमए करून पुढे सहसा दोन वर्षांचे एमफिल केलेले असते आणि त्या काळात जाणकारांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहिलेले असतात. ते मनाची तपासणी करतात, बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहून देत नाहीत. तिसरे समुपदेशक. यांत उत्तम शिकलेलेही आहेत आणि काही आठवड्यांच्या वर्गानंतर पाटी लावणारेही.

आपल्याकडे 'परवाना' म्हणजे नोंदणी. १९९२च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषद एक केंद्रीय नोंदवही ठेवते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे नाव त्या नोंदवहीत असावे लागते. नोंदणी क्रमांक विचारा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव पडताळून पाहा. नोंदणी मुदतीची असते, म्हणून ती चालू आहे ना, हेही बघा. क्रमांक विचारला म्हणून खरा जाणकार रागावत नाही.

नावापुढच्या 'डॉ.'वर विसंबू नका. ते पीएचडीचेही असते आणि माझ्यासारख्या होमिओपॅथचेही. झोप येत नाही म्हणून पुष्कळ लोक माझ्याकडे येतात. त्यांच्यापैकी कोणाच्या बोलण्यात 'आता जगून काय करायचे' असे आले, तर त्यांना गोळ्यांची पुडी देऊन मी घरी पाठवत नाही. त्याच दिवशी, घरचे माणूस सोबत देऊन, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. आपणही तसेच करावे.

जायचे कुठे? कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. सयाजी रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. 'वेड्यांचे इस्पितळ' हा जुना शब्द आपण आता सोडावा. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात नोकरदार, विद्यार्थी, गृहिणी, सगळेच येतात.

आता भाषेचे. आपण बाजारात, कचेरीत सफाईने गुजराती बोलतो. पण सत्तरीतल्या आजींना नवरा गेल्याचे दुःख मराठीतच सांगता येते. तेव्हा फोनवरच भाषा विचारा. सून किंवा मुलगा दुभाषी म्हणून शेजारी बसवू नका. ज्यांच्याविषयी बोलायचे, त्यांच्याच देखत आजी काय बोलणार? इथे मराठी जाणणारे कोणी मिळाले नाही, तर पुण्या-मुंबईच्या नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञांशी व्हिडिओवर बोलता येते. पडताळणी मात्र तशीच करायची.

मराठी बोलणारे गावातच मिळाले, तर दुसरी भीती उभी राहते. ते कोणाचे तरी जावई किंवा भाचे निघतात, आणि गोष्ट मंडळात पोहोचेल म्हणून माणूस गप्प राहतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. पहिल्याच भेटीत याबद्दल स्पष्ट विचारा. नाते जवळचे असेल, तर दुसरे नाव शोधलेले बरे. याच कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे लागते, म्हणून आपली पॉलिसी काढून वाचा.

फी किती, भेट किती वेळाची, साधारण किती भेटी लागतील, हेही आधी विचारा. तीन भेटींत बरे करण्याची हमी देणारा, किंवा मनोविकारतज्ज्ञाची औषधे परस्पर बंद करायला सांगणारा भेटला, तर तिथून उठा. नोंदणी, भाषा सगळे जुळूनही दोन-तीन भेटींत मन मोकळे झाले नाही, तर माणूस बदलायला संकोच करू नका.

आणि रात्री-अपरात्री कोणाचा जीव घाबरा झाला, तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालू असतो. भाषा निवडता येते. घरच्या फोनशेजारी तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.