जुनी चेनसॉ: स्क्रू पिळण्याआधी कान द्या

आज जमलं तर हेडफोन लावून ऐका, कारण आजची गोष्ट आवाजाची आहे.

१९५९ साली जर्मनीच्या श्टील कंपनीने 'कॉन्ट्रा' नावाची चेनसॉ आणली. मध्ये गिअर नाही, इंजिनाची ताकद थेट साखळीला. सहा हॉर्सपॉवर, वजन साधारण १२ किलो. त्या काळातल्या पेट्रोलच्या करवती हौशी लोक आजही चालवतात. आणि बऱ्याच जणांची चूक एकच होते.

करवत कापताना दम तोडते. मग पहिला हात जातो कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे. फुल रेसचा स्क्रू थोडा आत पिळला की पेट्रोल कमी होतं, इंजिन सुसाट फिरतं, आवाज टिपेला जातो. वाटतं, जमलं! घात इथेच होतो.

हे टू-स्ट्रोक इंजिन. त्याला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. म्हणजे पेट्रोल कमी केलं की ऑइलही कमी. उष्णता वाढते, पिस्टन सिलिंडरला घासतो आणि इंजिन सीझ. एवढ्या जुन्या मॉडेलचा सिलिंडर शोधायला मग फिरत बसा.

म्हणून क्रम लक्षात ठेवा.

आधी साखळी. पिठासारखा भुसा पडतोय? धार गेली आहे. गोल कानस घ्या, प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. बऱ्याचदा 'ताकद' इथेच परत येते.

मग कॉम्प्रेशन. इंजिन थंड, स्विच बंद. स्टार्टरची दोरी धरून करवत लटकवा. अडखळत, हळूहळू खाली आली तर ठीक. सर्रकन खाली गेली तर रिंगा झिजल्यात, स्क्रू पिळून काही होणार नाही.

मग हवेची गळती. रेस सोडल्यावर इंजिन लगेच शांत व्हायला हवं. ते वरच रेंगाळत असेल, तर बहुतेक क्रँकचे सील किंवा कार्ब्युरेटरजवळचं रबर चिरलंय. ते आधी बदला. एक्झॉस्टच्या तोंडाशी साचलेला कार्बनही लाकडी काडीने खरवडा, लोखंडाने नको.

आता कार्ब्युरेटर. इंजिन गरम करा, फुल रेस द्या, पण लाकूड कापू नका. आवाज किंचित फडफडता, घोगरा हवा. लाकडात घातल्यावर तोच आवाज साफ झाला, की सेटिंग बरोबर. लाकडाबाहेर शिट्टीसारखा स्वच्छ आवाज आला तर स्क्रू थोडा बाहेर काढा.

आणखी एक. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या आणि पडदे त्यासाठी बनलेले नाहीत. काम झालं की टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: त्या काळच्या करवतींना चेन ब्रेक नसतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर करवत झटक्यात तोंडावर येते. इंजिन कितीही छान वाजत असलं, तरी टोकाने कापायचं नाही.

भेटू पुढच्या भागात!