पासवर्ड गेला, माणसंही गेली

आमच्या उलव्यात सकाळी दोन प्रकारची माणसं दिसतात. खारकोपर स्टेशनकडे धावणारी, आणि घरातच लॅपटॉप उघडून कामाला बसणारी. माझा भाचा आठवड्यातले दोन दिवस पहिल्यांत असायचा, तीन दिवस दुसऱ्यांत. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत त्यानं सहा वर्षं काढली. गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी तो चहाचा कप घेऊन बसला, पासवर्ड घातला, तर पडद्यावर आलं की हे खातं बंद आहे. बोट चुकलं असेल म्हणून पुन्हा घातला. मोबाइलवरचं ऑफिसचं चॅट उघडून पाहिलं, तेही बंद. नोकरी गेल्याचा फोन आला दुपारी अडीच वाजता.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. पैशांविषयी फार बोलला नाही. म्हणाला, "मामू, इंदूरचा तो मुलगा, दिवसातून दहा वेळा बोलायचो आम्ही. त्याचा नंबरच नाही माझ्याकडे."

सहा वर्षं सोबत आणि नंबर नाही? मला खरं वाटेना. मग त्यानं मला जे समजावलं, ते तुम्हालाही सांगतो.

पूर्वी ऑफिसात कपाटाची किल्ली वेगळी, टेबलाची वेगळी. आता मोठ्या कंपन्यांत एकच किल्ली असते. कंपनीच्या सर्व्हरवर कर्मचाऱ्यांची एक यादी ठेवलेली असते. मेल, चॅट, फायली, रजेचा अर्ज, पगाराची स्लिप, जे उघडाल ते त्या यादीला विचारतं, 'हा माणूस आपला आहे का?' यादीतलं नाव बंद केलं की सगळी दारं एकदम 'नाही' म्हणतात. त्यासाठी कुणाला दारोदार जाऊन कुलपं लावावी लागत नाहीत. स्वतःच्या फोनवर ऑफिसचा कप्पा घेतला असेल, तर तोही कंपनी दुरून पुसू शकते. सहकाऱ्यांशी झालेलं बोलणं, त्यांचे वाढदिवस, थट्टामस्करी, सगळं त्या दारांच्या आत राहतं. रोज चॅटवर भेटणाऱ्याचा नंबर मागायचं कुणाला सुचतच नाही.

हे एका घरापुरतं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरनं सुमारे निम्मी माणसं कमी केली, तेव्हा अनेकांना पत्राआधी बंद पडलेल्या लॅपटॉपनंच बातमी दिली. त्यात भारतातलेही होते. जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं बारा हजार जणांची कपात जाहीर केली, तेव्हाही अमेरिकेत काहींना दार लागल्यावरच कळलं.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. ग्राहकांची माहिती त्या यंत्रांत असते, रागावलेला माणूस ती उचलून नेऊ शकतो किंवा पुसून टाकू शकतो. पण फायलींचं दार लावून निरोपाचं दार दोन दिवस उघडं ठेवणं यंत्राला अवघड नसतं. एका माणसाला काय दिसावं आणि काय दिसू नये, हे तर ते रोजच ठरवतं. तेव्हा दोष यंत्राचा म्हणू नये. तसं ठरवणारी माणसंच असतात.

माझे अब्बा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले कितीतरी जण पुन्हा आत गेलेच नाहीत. अब्बा त्यांतले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. घरात काय खाल्लं आणि काय नाही, ते आज सांगत नाही. पण साचे मालकाचे होते, ओळखी मालकाच्या नव्हत्या. त्या चाळीत होत्या, खाणावळीत, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर, एकाच गावच्या माणसांनी पाळीपाळीनं झोपायला घेतलेल्या खोलीत. गिरणीचं गेट बंद झालं तरी अब्बांचा जॉबर रोज संध्याकाळी आमच्या दारात उभा राहून हाक मारायचा. तो सातारकडे गावी गेला, तेव्हाही त्याचा पत्ता आमच्याकडे होता.

अब्बांनी गिरणीचा पास आणि पगाराच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. अम्मी म्हणायची, रद्दीत घाला. पुढे २०१२ मध्ये म्हाडानं गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली, आणि आपण गिरणीत होतो हे सिद्ध करायला तीस वर्षांपूर्वीचे असेच कागद लोक शोधू लागले. (आम्हाला घर लागलं नाही, पण तो विषय वेगळा.)

भाच्याची ट्रंक मात्र कंपनीच्या सर्व्हरवर होती. म्हणून नोकरीत असलेल्यांना सांगतो, पगाराची स्लिप, नेमणुकीचं पत्र, फॉर्म १६ दर वेळी स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा. आपलेच कागद हं, ग्राहकाची एक ओळही नको, त्यातून भलतंच अंगाशी येतं. भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला, म्हणजे यूएएनला, ऑफिसचा नव्हे, स्वतःचा मोबाइल नंबर जोडा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली आहे. कामावरून कमी केल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत थकलेला पगार द्यावा, असं ती सांगते. लॉगिन गेलं म्हणून हा हक्क जात नाही. मागणी लेखी करावी, तारीख घालून.

आणि एक साधी वही करा. त्यात माणसांचे नंबर लिहा.

भाच्याकडे वही नव्हती. चौथ्या दिवशी त्याच्या आईला कपाटात एक लग्नपत्रिका सापडली. इंदूरच्या त्या मुलानं वर्षापूर्वी पोस्टानं पाठवलेली, 'आमचे येथे श्री कृपेकरून' अशी सुरुवात असलेली. खाली निमंत्रक म्हणून वडिलांचं नाव आणि दोन फोन नंबर होते. पहिला लागला नाही. दुसऱ्यावर एका वयस्कर गृहस्थांनी फोन उचलला.

"काका, मी उलव्याहून बोलतोय," भाचा म्हणाला. पलीकडून त्यांनी विचारलं, "अरे, तूच का तो? चार दिवस झाले, आमचा मुलगा तुझा नंबर शोधतोय."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)