जिनिव्हाच्या पोटातलं सामाईक पाणी

स्वित्झर्लंडचा जिनिव्हा प्रांत आणि फ्रान्सचा ओत-साव्वा जिल्हा यांच्या सीमेखाली रेती-गोट्यांचा एक भूजलसाठा आहे. दोन्ही बाजूंच्या विहिरी त्यातूनच पाणी ओढतात. १९६० आणि १९७० च्या दशकांत उपसा इतका वाढला की पातळी सात मीटरहून अधिक खाली गेली. नदीचं वाटप निदान डोळ्यांना दिसतं; भूजलात कोणी किती उपसलं हे विहीर आटेपर्यंत कळत नाही. म्हणूनच या साठ्याच्या वापराबाबत दोन्ही बाजूंनी केलेला १९७८ चा करार मला फार मोलाचा वाटतो. आणि तो दिल्ली-दरबारी थाटात, दोन राजधान्यांमध्ये झाला नाही. स्थानिक प्रशासनांनीच केला.

जिनिव्हाने व्हेसी इथे पुनर्भरण केंद्र उभारलं. १९८० पासून तिथे आर्व्ह नदीचं पाणी घेऊन गाळतात आणि जमिनीखालच्या सच्छिद्र नळ्यांतून हळूहळू मुरवतात. आर्व्ह माँ ब्लाँच्या हिमनद्यांवरून येते, त्यामुळे तिला गाळ फार. पाणी गढूळ झालं की उचल थांबवतात, नाहीतर पाणी मुरायची वाटच बुजेल.

करारानुसार फ्रान्सला वर्षाला ५० लाख घनमीटरपर्यंत उपसा करता येतो. त्यातले २० लाख विनामूल्य, कारण निसर्गतः मुरणाऱ्या पाण्यावर त्याचाही हक्क आहे. त्यापुढच्या उपशासाठी पुनर्भरणाच्या खर्चात वाटा द्यावा लागतो. प्रत्येक विहिरीला मीटर आहे आणि देखरेखीच्या समितीत दोन्हीकडचे तीन-तीन सदस्य आहेत. आपल्याकडे शेजाऱ्याची बोअर आपल्याहून खोल गेली की भांडण ठरलेलं; तिथे आधी मोजणी आली. पातळी सावरली, आणि २००८ पासून नवा करार तीस वर्षांसाठी लागू झाला.