अक्षर नसलेली पोथी

पोथी म्हटली की लाल फडक्यात बांधलेली, ओव्यांनी भरलेली लांबट पाने डोळ्यांसमोर येतात. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातली पोथी सोडून पाहिली, तर आत एकही ओवी सापडत नाही. नुसती चित्रे. साधारण फूटभर उंच, त्याहून थोडी रुंद अशी सुटी पाने एकावर एक रचलेली. एकेका पोथीत वीस-पंचवीसपासून पन्नासपर्यंत चित्रे. तरी तिचे नाव पोथीच, आणि ते चपखल आहे. ही पोथी वाचायचीच असते. ठाकर समाजातला चित्रकथी ती गाऊन वाचतो.

हे वाचन चालते कसे ते बघू. कथेकरी मांडी घालून बसतो, पान पाटीला टेकवून लोकांसमोर उभे करतो. साथीला वीणा, हुडूक आणि टाळ. आधी गणपती आणि सरस्वतीची चित्रे, त्यांचे स्तवन. मग कथेला हात. खरी गंमत पानातच आहे. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असल्याने एका पानावर दोन प्रसंग बसतात. एक प्रसंग गाऊन झाला की पान फिरवायचे. दुसरा झाला की ते बाजूला ठेवून पुढचे उचलायचे. चित्रे ओळीने लावलेली असली की कथेचा क्रम आपोआप सांभाळला जातो. कथा मात्र कुठेच लिहिलेली नाही. ती ऐकून ऐकून पाठ झालेली असते.

आता युद्धाचे एखादे पान जवळून बघा. डावीकडे एक धनुर्धर, उजवीकडे दुसरा, दोघांची तोंडे एकमेकांकडे. चेहरे एका बाजूने दिसणारे, डोळे मात्र टपोरे आणि वाटोळे. मुकुट, दागिने, धोतराची नक्षी यांवर चित्रकाराने हात सढळ सोडलेला. मध्ये हवेत बाण. मागे डोंगर नाही, आभाळ नाही; कागद तसाच कोरा. आणि चेहऱ्यावर भाव? जवळजवळ नाहीच.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हे कच्चे वाटते. मला तो जाणूनबुजून राखलेला संयम वाटतो. हे एकच पान बराच वेळ समोर राहणार असते. तेवढ्यात त्याच वीराला वल्गना करायच्या असतात, घायाळ व्हायचे असते, कदाचित रडायचेही असते. चित्रकाराने चेहऱ्यावर क्रोध कायमचा कोरून ठेवला, तर रडण्याच्या वेळी कथेकऱ्याची पंचाईत होईल. भाव आवाजातून येणार म्हणून चेहरा मोकळा ठेवलेला बरा. कोऱ्या पार्श्वभूमीचेही तेच: अरण्य म्हटले की तिथे अरण्य, राजवाडा म्हटले की राजवाडा. जाड रेघ आणि सपाट रंग यांचे कारण आणखी साधे. मागे बसलेल्याला दिव्याच्या उजेडात राम कोण आणि राक्षस कोण, एवढे कळायला हवे.

जर्मन लेखक लेसिंग याने १७६६ साली ‘लाओकून’ या ग्रंथात चित्र आणि काव्य यांची हद्द आखली होती. चित्राच्या वाट्याला एक क्षण, काव्याच्या वाट्याला क्षणामागून क्षण. चित्रकथी ही हद्द मोडत बसत नाही. चित्राने जागा धरायची, आवाजाने काळ पुढे न्यायचा, अशी त्याची सरळ वाटणी. दिवाळी अंकातल्या कथाचित्राशी ताडून पाहा. तिथे चित्र वगळले तरी कथा छापलेली असतेच. इथे कथेकरी उठून गेला, की हवेतले बाण हवेतच.

मजकूर नसल्याचा आणखी एक फायदा. श्रोते रंगले तर एक पान लांबवता येते, पेंगले तर आटोपता येते. वाल्मीकींच्या रामायणात नसलेली अहिरावण-महिरावणासारखी कथाही पोथीत निवांत नांदते.

ही परंपरा जुनी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. पिंगुळीच्या ठाकरांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. याच धाटणीची चित्रे पैठणला सापडली आणि ‘पैठणची चित्रे’ हे नाव त्यांना चिकटले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती बघायला मिळतात. पिंगुळीत याच परंपरेतले कलाकार परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच संग्रहालय उभे केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

संग्रहालयात असे पान बघायचा योग आला, तर एक लक्षात असू द्या. चौकटीत बसवलेल्या पानाची एकच बाजू आपल्याकडे असते. कथेचा पुढचा प्रसंग त्याच कागदाच्या पाठीवर, भिंतीकडे तोंड करून उभा असतो.