गुणवर्ग आणि अनुक्रम : विमानयुद्धाच्या संगणकीय खेळांतील गणनपद्धती

कोणताही अनुक्रम हा प्रथमतः वर्गीकरणाचा परिणाम असतो. काय मोजावयाचे व त्यास कोणते नाव द्यावयाचे हे ठरल्यावाचून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरत नाही. महाजालावरील विमानयुद्धाच्या खेळांत हे तत्त्व विशेष स्पष्ट दिसते. कारण नागपुरातील नंदनवनात बसलेला खेळाडू व दुसऱ्या खंडातील त्याचा प्रतिस्पर्धी यांची तुलना तेथे केवळ अंकांनीच होते.

मोजणीचा हा वारसा प्रत्यक्ष युद्धातून आला आहे. पहिल्या महायुद्धात पाच विमाने पाडणाऱ्या वैमानिकास विशेष मान मिळे; परंतु ‘पाडणे’ या क्रियापदाची व्याप्ती सर्वत्र सारखी नव्हती. ब्रिटिश गणनेत नष्ट झालेल्या विमानाबरोबरच ताबा सुटून खाली गेलेले विमानही विजयात धरले जाई. इंद्रलाल रॉय या भारतीय वैमानिकाने जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत मिळविलेल्या दहा विजयांपैकी पाच पहिल्या व पाच दुसऱ्या प्रकारचे होते. केवळ नष्ट विमानेच मोजली, तर शौर्य तेच राहून संख्या निम्मी होते.

२००० साली आलेल्या ‘एसेस हाय’ या खेळात लढाऊ विमानांसाठी पाच गुणवर्ग योजिले होते : मृत्युसंख्येत एक मिळवून तिच्या प्रमाणात पाडलेली विमाने, दर उड्डाणास पाडलेली विमाने, दर तासास पाडलेली विमाने, नेमाची टक्केवारी आणि एकूण गुण. प्रत्येक वर्गातील क्रमांकांची बेरीज करावयाची. जिची बेरीज लहान, तो खेळाडू वरचा.

उदाहरणादाखल दोन काल्पनिक खेळाडू घेऊ. ‘अ’ने १० उड्डाणांत व १० तासांत २० विमाने पाडली आणि तो ४ वेळा मेला. ‘ब’ने ४० उड्डाणांत व १५ तासांत ६० विमाने पाडली आणि तो २९ वेळा मेला. पहिल्या वर्गात ‘अ’चे प्रमाण ४ व ‘ब’चे २, दुसऱ्यात २ व दीड, तिसऱ्यात मात्र २ व ४. ‘अ’चा नेम अधिक अचूक व ‘ब’चे एकूण गुण अधिक धरले, तर क्रमांकांची बेरीज ७ व ८ होऊन ‘अ’ पुढे राहतो. नेमाचा वर्ग गाळला की दोघेही ६ वर येतात; उड्डाणाचाही गाळला की ‘ब’ पुढे जातो. दोघांच्या खेळात तिळमात्र फरक पडलेला नसतो.

याचे कारण असे की, हे वर्ग परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. मृत्यू, उड्डाण व नेम हे तिन्ही वर्ग सावधपणालाच फळ देतात. म्हणजे एकच गुण तीनदा मोजला जातो. शिवाय क्रमांकांच्या बेरजेत अंतराचे परिमाण लोपते : प्रतिस्पर्ध्यास एका गुणाने मागे टाकणे व दुपटीने मागे टाकणे सारखेच ठरते.

वर्ग खेळाडूच्या वर्तनासही वळण लावतात. या खेळात उड्डाण ‘लढाऊ’ वर्गात नोंदवावयाचे की ‘हल्ला’ वर्गात, हे उड्डाणापूर्वी खेळाडूच निवडी. धोक्याचे उड्डाण दुसऱ्या वर्गात घालून पहिल्यातील मृत्युसंख्या आटोक्यात ठेवणे त्यामुळे शक्य होई. नोंदीचे नाव बदलले की कृतीचे मूल्य बदलते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांचे कार्यही तीन गुणवर्गांत विभागले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. तात्पर्य, अनुक्रम वाचण्यापूर्वी त्यातील संज्ञांच्या व्याख्या वाचणे अवश्य आहे.