केळीची लागवड आणि वैशाखातील विहीर

केळ हे खानदेशातील बागायतदारांचे मानाचे पीक होय. रावेर, यावल, चोपडा आदिकरून तालुक्यांत या पिकाने अनेक घरांस स्थैर्य आणले, आणि सन 2016 मध्ये जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. हे पाहून ज्यांच्या शेतात विहीर आहे अशा पुष्कळ बांधवांस आपणही केळ लावावी असे वाटते. इच्छा योग्यच आहे. तथापि लागवडीपूर्वी एक हिशोब करणे अवश्य असते, आणि तो न केल्याने काय होते हे आम्ही स्वतः अनुभविले असल्यामुळे येथे निवेदन करीत आहो.

सन 2018 च्या मृगात आम्ही तीन एकरांत ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे लावली. त्या वेळी आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत होतो व शेत धाकट्या बंधूंच्या देखरेखीखाली होते. तीन एकर फार होतात अशी शंका आम्ही काढली, तेव्हा बंधू म्हणाले, "दादा, पाणी पाटाने द्यायचे नाही, ठिबकने द्यायचे आहे. पुरेल." विहीर तेव्हा भरत आलेली होती. आम्हीही मान डोलाविली. गावोगावच्या विहिरींची व पिकांची नोंद कागदावर घेण्यात ज्याची हयात गेली, त्याने आपल्या विहिरीचा आकडा मात्र मांडला नाही.

त्या वर्षी पाऊस ओढला. फाल्गुनात बाग उत्तम निसवली. घड पाहून येणारेजाणारे थांबत. चैत्रात पंप अर्ध्या वेळेत कोरडा पडू लागला. सन 2019 च्या वैशाखात घड भरण्याच्या ऐन वेळी पाने करपली, खोडे मधोमध मोडून घडांसह पडू लागली. टँकरचे पाणी विकत घेतले, ते दोन आठवडे पुरले. अखेरीस दीड एकर सोडून दिला तेव्हा कोठे उरलेला दीड एकर हाती लागला, आणि त्याचेही घड हलके भरले. ठिबक संचाचे कर्ज मात्र तीनही एकरांचे फेडावे लागले.

आता तो हिशोब सांगतो. सहा फूट बाय पाच फूट अंतरावर एका एकरात सुमारे 1,450 झाडे बसतात. ठिबकावर वाढत्या बागेच्या झाडास पावसाळ्यात रोज पाचसहा लिटर पाणी पुरते. परंतु वैशाखाच्या उन्हात तेच झाड रोज 20 लिटर व त्याहूनही अधिक मागते. म्हणजे एका एकरास दररोज सुमारे 29,000 लिटर पाणी हवे. बाग जूनमधील मृगबाग असो वा ऑक्टोबरमधील कांदेबाग असो, दोहोंसही वैशाख चुकत नाही. एकीचे घड त्या वेळी भरत असतात, तर दुसरी निसवण्याच्या बेतात असते.

विहीर किती देते हे काढण्याची रीत सोपी आहे. वैशाखाच्या उत्तरार्धात एके सकाळी पाणी नेहमीप्रमाणे उपसून पंप बंद करावा व दोरीने पाण्याची पातळी मोजावी. चोवीस तास पंप चालवू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून पाणी किती फूट चढले ते पाहावे. गोल विहिरीचा व्यास फुटांत घेऊन त्यास त्यानेच गुणावे व येणाऱ्या संख्येस 22 ने गुणावे. एक फूट चढलेल्या पाण्याचे लिटर मिळतात. वीस फूट व्यासाच्या विहिरीत हे पाणी 8,800 लिटर भरते. यावरून एका एकरास रोज सव्वातीन फुटांहून किंचित अधिक आवक पाहिजे. आमची विहीर वीस फुटांची, वैशाखातील आवक पाच फूट, म्हणजे 44,000 लिटर. ती दीड एकराची धनीण होती. आम्ही तिच्यावर तीन एकरांचा भार घातला. सर्व वर्षे सारखी नसतात, म्हणून आवकेतून चौथा हिस्सा राखून ठेवावा असे आमचे मत झाले आहे. त्या मानाने आमच्या विहिरीवर एकच एकर केळ शोभते, आणि आज आम्ही तेवढीच लावतो. उरलेल्या दोन एकरांत खरिपाची पिके घेतो.

ठिबकास आम्ही दोष देत नाही. पाटाच्या मानाने त्याने पाण्याची मोठी बचत होते. परंतु वाचलेले पाणी विहिरीत न ठेवता त्यावर क्षेत्र वाढविले, तर बचत कागदावरच राहते. सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरी आटल्या, नंतर कूपनलिका आल्या, आणि त्याही वर्षानुवर्षे खोल न्याव्या लागल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बाजूच्या शेतकऱ्याचा पंपही त्याच भूजलातून ओढतो याचा विसर पडू नये.

रोपांविषयीही दोन शब्द. रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावी. ज्यास आपल्याकडे हरण्या म्हणतात तो विषाणूजन्य रोग मावा किडीमार्फत पसरतो. म्हणून कोवळ्या बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची ही आंतरपिके घेऊ नयेत, आणि पानांवर पिवळे पट्टे दिसलेले झाड मुळासकट उपटून नष्ट करावे. वाऱ्याच्या बाजूस शेवरीची दाट ओळ लावावी. लागवड होताच सातबारावर पिकाची नोंद झाली की नाही हे स्वतः पाहावे. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा प्रसंग आला म्हणजे नोंद व प्रत्यक्ष क्षेत्र यांतील तफावत शेतकऱ्यासच भोवते.

एवढी दक्षता घेऊनही पाऊस दगा देईल, तर काय करावे? चैत्राची वाट न पाहता माघ-फाल्गुनातच विहीर पुन्हा मोजावी, आणि पाणी पुरणार नाही असे दिसताच बागेचा दुबळा भाग त्याच वेळी सोडून द्यावा. उभी बाग स्वहस्ते सोडणे कठीण जाते, हे आम्ही जाणतो. आम्ही तेव्हाच दीड एकर सोडला असता, तर उरलेल्या दीड एकराचे घड बरेच वजनदार भरते. टँकरचा खर्चही वाचता.

विहीर आषाढात सर्वांचीच भरलेली दिसते. केळ लावू इच्छिणाऱ्या बांधवांनी यंदाच्या वैशाखात दोरी घेऊन काठावर उभे राहावे, आलेला आकडा वहीत लिहावा, आणि मृगात किती रोपे आणावयाची हे त्या आकड्यास विचारावे, एवढीच विनंती.