नावाआधी भाव ठरलेला मासा

नमुना सहीचे महत्त्व बँकेतल्या माणसाला सांगावे लागत नाही. चेक शंभराचा असो की लाखाचा, पडताळणी त्या एका सहीशी. निवृत्तीनंतर समुद्रजीवांविषयी वाचू लागलो, तेव्हा तिथेही हीच रीत दिसली. नव्या प्रजातीला नाव देताना एक प्राणी ‘मूळ नमुना’ म्हणून संग्रहालयात जपतात. पुढची सगळी ओळख त्याच्याशी ताडून पटवायची.

पण तो नमुनाच लहान पिल्लाचा असेल तर?

लक्षद्वीपच्या दक्षिणेला मालदीव आणि त्याच्याही सुमारे ५०० किलोमीटर दक्षिणेला चागोस बेटे. तिन्ही एकाच बुडालेल्या डोंगररांगेवरची. चागोसला सापडलेल्या अवघ्या एका पिल्लावरून १९८३ मध्ये रँडल आणि एमरी या संशोधकांनी ‘सिऱ्हिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस’ ही प्रजाती नोंदवली. पुढे १९९०च्या दशकात मालदीवच्या प्रवाळांत तसलेच देखणे मासे मिळाले. हे त्या पिल्लाचेच मोठे रूप, असे सर्वांनी धरून चालले.

शंका तरी कशी यावी? या परी-माशांच्या गोतात जन्म मादीचा; त्यातल्या काहींचे पुढे नर होतात आणि अंगावरचे रंग पालटतात. पिल्लू आणि थोराड नर शेजारी ठेवले, तर ते एकाच घरचे वाटणार नाहीत. शिवाय औषधी द्रवात ठेवलेल्या माशाचा रंग उडून जातो. मग उरते काय? मोजदाद! संशोधकांनी मालदीवच्या माशांच्या पाठीवरच्या परातला एकेक काटा मोजला, अंगावरचे खवले मोजले, नरांचे रंग पाहिले, जनुके तपासली आणि हे सारे रुब्रिस्क्वामिसशी ताडून पाहिले. मासे दोन निघाले.

२०२२ मध्ये यी-काय टी, अहमद नजीब, जोसेफ रोलेट आणि लुईझ रोचा यांनी नवी प्रजाती जाहीर केली : ‘सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा’. ४० ते ७० मीटर खोलीवर राहणारा, गुलाबी छटांचा हा मासा. मधल्या काळात तो काचेच्या टाक्या सजवणाऱ्या शौकिनांच्या बाजारात विकला जात होता. शास्त्राने नाव देण्याआधीच बाजाराने त्याचा भाव ठरवला होता!

नाव नसले म्हणून माशाचे काय अडते, असे कुणी विचारील. माशाचे अडत नाही, त्याला राखू पाहणाऱ्यांचे अडते. दोन प्रजाती एकाच नावाखाली मोजल्या, की प्रत्येकीचा मुलूख आहे त्याहून मोठा भासतो. एका ठिकाणचा मासा सरला, तरी ‘दुसरीकडे आहे की’ म्हणून आपण निर्धास्त. सुदैवाने फिनिफेन्मा अजून मुबलक आहे. पण १९९८ आणि २०१६ च्या उष्ण पाण्याने मालदीवची प्रवाळे पांढरी पडलेली आपण पाहिली. अशा समुद्रात हिशेब चुकीचा असणे परवडणारे नाही.

मला सर्वांत भावली ती एक साधी गोष्ट. मालदीवच्या समुद्रात हजाराहून अधिक जातींचे मासे नोंदले गेले. नावे देणारे बहुधा परदेशी. या माशाच्या नामकरणात मात्र मालदीवचा संशोधक होता, आणि मालदीवच्या माशाला तिथल्याच माणसाने शास्त्रीय नाव देण्याची ही पहिली वेळ. नावही तिथल्या दिवेही बोलीतले. फिनिफेन्मा म्हणजे गुलाब, त्या देशाचे राष्ट्रीय फूल. पोराचे नाव घरच्यांनी ठेवावे, तसे.